भांगाचे दिवस

‘भांग’ या शब्दाचे मराठीत तीन अर्थ आहेत. एक केसांतला, एक शंकराचा आणि एक समुद्राचा. पहिले दोन सगळ्यांना ठाऊक असतात. तिसरा किनाऱ्यावरच्या माणसांचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, आणि अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी होतो, पाण्याची ओढ जाते, ते दिवस भांगाचे. भांगात खाडीचं पाणी फारसं हलत नाही आणि मासाही कमी लागतो.

हा तिसरा अर्थ मला जिथे भेटला, तिथे त्याचं खरं तर काहीच काम नव्हतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या उत्तरेला ईरी सरोवर आहे. पाणी गोडं, आणि चंद्राच्या ओढीची म्हणावी अशी भरती नाही. तरीही माझ्यासमोरच्या शंभरपानी वहीत निळ्या शाईने लिहिलेलं होतं: ‘१४ ऑगस्ट. तळ्याला भांग लागला. मासा आहे, खात नाही.’

वही भावोजींची. ते मालवण तालुक्यातले, कर्लीच्या खाडीकाठचे. लहानपणी गरीला कोळंबी लावून तांबोशी आणि काळुंदर पकडण्यात त्यांच्या सुट्ट्या गेल्या. १९८९ मध्ये ते नोकरीसाठी ओहायोत आले आणि १९९८ मध्ये त्यांनी एकवीस फुटांची जुनी नाव घेतली. तेव्हापासून प्रत्येक फेरीची नोंद मराठीत आहे. अशा सव्वीस वह्या झाल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. जड उचलायचं नाही, एकट्याने पाण्यावर जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ताईने लगेच नाव विकायचा विषय काढला. भाचा म्हणाला, मी चालवीन. शेवटी घरात ठरलं ते असं: पुढच्या हंगामापर्यंत त्याला बाबांच्या मदतीशिवाय जमलं तर नाव राहील, नाहीतर जाईल.

भाचा तिथेच जन्मलेला. मराठी बोलतो, पण स्वयंपाकघरापुरती. वाचता येत नाही. त्याने मला फोन केला, “मावशी, बाबांच्या वह्या इंग्लिशमध्ये करून देशील?” मी अनुवाद करते हे त्याला माहीत होतं. मी कवितांचे, कादंबऱ्यांचे, एकदा एका आत्मचरित्राचे अनुवाद केले आहेत. पण चुकीचा शब्द पडला तर कुणाच्या तरी हाताला मासा लागणार नाही, अशी जबाबदारी माझ्यावर कधी आली नव्हती.

पहिला शब्द अडला तो कामाच्या नावाचाच. या मासेमारीला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. नाव अगदी हळू चालवायची आणि मागे लांबवर दोऱ्यांना बांधलेली आमिषं ओढत न्यायची. देवनागरीत हा शब्द लिहिला की वाचकाला आधी समाजमाध्यमांवरची शिवीगाळ आठवते, किंवा मग समुद्राचा तळ खरवडणारा ट्रॉलर. भावोजींनी हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वीच सोडवला होता. ते लिहितात, ‘ओढत गेलो’. ‘पाच मैल ओढत गेलो.’ ‘पूर्वेकडे ओढताना दोन लागले.’

माशाच्या नावाचंही तसंच. हा मासा म्हणजे वॉलआय. सोनेरी-हिरवट अंग, पांढरं पोट, शेपटीच्या खालच्या टोकावर पांढरा ठिपका, आणि डोळे दुधी काचेसारखे. डोळ्याच्या मागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा. त्यामुळे गढूळ पाण्यात आणि अंधुक उजेडात त्याला इतर माशांपेक्षा चांगलं दिसतं. त्याचं शास्त्रीय नाव सँडर विट्रिअस, आणि विट्रिअस म्हणजे काचेसारखा. कॅनडातले इंग्रजी बोलणारे लोक त्याला पिकरेल म्हणतात. तिथलेच फ्रेंच बोलणारे ‘दोरे’ म्हणजे सोनेरी म्हणतात, आणि ओजिब्वे भाषेत तो ‘ओगा’. भावोजींच्या पहिल्या वहीत तो ‘वॉलआय’ आहे, तिसऱ्या वहीपासून ‘काचडोळ्या’, आणि पुढे नुसता ‘का.’. लॅटिन नावाचा अर्थ मी सांगितला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मग? डोळे बघितले की कळतंच.”

अनुवादाला बसल्यावर दोन दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. ज्या दिवशी मासे भरपूर मिळाले, त्या दिवशी वहीत जेमतेम एक ओळ आहे. ‘सहा. नऊला परत.’ ओहायोत एका माणसाला एका दिवसात सहाच वॉलआय ठेवता येतात आणि प्रत्येक मासा किमान पंधरा इंचांचा असावा लागतो. सहा झाले की काम संपलं. कोणतं आमिष, किती खोल, वेग किती, यातलं काहीही नाही. जून महिन्यात अशी पानंच्या पानं आहेत. आणि ज्या दिवशी काहीच मिळालं नाही किंवा एखाददुसराच मिळाला, त्या दिवसाला दोन-दोन पानं दिली आहेत. भाच्याला ज्या वह्या हव्या होत्या, त्या खरं म्हणजे भांगाच्याच दिवसांच्या वह्या होत्या.

त्या पानांवरचे निम्मे शब्द समजायला पाण्यावर जाणं भाग होतं. म्हणून गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी क्लीव्हलँडच्या पूर्वेला, फेअरपोर्ट हार्बरला गेले. चार दिवस पहाटे साडेपाचला निघत होतो. भाचा सुकाणूवर, भावोजी खुर्चीत, मी वही घेऊन.

ऑगस्टमध्ये त्या सरोवरात काय होतं, ते आधी सांगायला हवं. ईरी हे पाच मोठ्या सरोवरांतलं सगळ्यांत उथळ आणि म्हणून सगळ्यांत उबदार. सरासरी खोली ६२ फूट. तरी लांबी सुमारे ३८८ किलोमीटर आहे आणि पलीकडचा कॅनडाचा काठ दिसत नाही. भावोजी त्याला तळं म्हणतात, ती निव्वळ मालवणी खोड. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, पंचवीस अंशांच्या आसपास जातं. खाली थंड पाण्याचा एक पातळ थर उरतो. दोन्ही पाणी मिसळत नाहीत. मधे जी सीमा तयार होते, तिला वहीत ‘सांधा’ म्हटलं आहे. ‘सांधा ४८ फुटांवर.’ तळाचं ते थंड पाणी दिसायला माशाच्या सोयीचं, पण त्यात वरून हवा उतरत नाही. वरून मेलेलं शेवाळ खाली पडतं, ते कुजताना तिथला प्राणवायू खातं. उन्हाळ्याच्या शेवटी सरोवराच्या मधल्या भागात तळाशी श्वास घेण्याजोगं फारसं काही उरत नाही. वर ऊन आणि उष्णता, खाली गुदमर. मासा मधल्या पट्ट्यात येतो, बहुतेक वेळा सांध्याच्या जरा वर.

आणि तिथे त्याला अन्नाची कमी नसते. त्याच वर्षी जन्मलेली लहान मासळी ऑगस्टपर्यंत बोटभर झालेली असते आणि तिचे थवेच्या थवे त्या पट्ट्यात फिरत असतात. वॉलआयने फक्त तोंड उघडायचं. पहिल्या दिवशी दोन तास काही लागलं नाही आणि भाचा कंटाळून म्हणाला की इथे मासाच नाही. भावोजींनी पडद्याकडे बोट दाखवलं. ध्वनिलहरींच्या यंत्रावर चाळीस फुटांच्या आसपास एकामागून एक कमानी उमटत होत्या. “मासो खंय जावक नाय,” ते म्हणाले, “थंयच आसा. भूक नाय तेका.”

वहीत हा फरक फार काटेकोरपणे पाळलेला आहे. ‘मासा नाही’ आणि ‘मासा खात नाही’ ही दोन वाक्यं ते कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. ‘नाही’ असेल तर पुढची ओळ नेहमी जागा बदलल्याची: ‘दोन मैल उत्तरेला.’ पडद्यावर कमान नसेल तिथे आमिष बदलत बसण्यात अर्थ नाही. आणि ‘खात नाही’ असेल तर जागा सोडलेली नाही. तिथून पुढे दोन पानं भरली आहेत. इंग्रजीत दोन्हींसाठी भाचा आणि त्याचे मित्र एकच वाक्य बोलतात, आज काही नव्हतं. मी अनुवादात दोन वेगळी वाक्यं ठेवली आणि पहिल्याच पानावर तसं लिहून दिलं.

या सरोवरापुरता तरी हा फरक नुसता एका माणसाचा काटेकोरपणा नाही. इथे ‘नाही’ म्हणजे खरोखर ‘नाही’ असे दिवस येऊन गेले आहेत. क्लीव्हलँडमधून वाहत सरोवराला मिळणारी कायहोगा नदी १९६९ मध्ये पेटली होती, म्हणजे तिच्यावरचं तेल आणि कचरा पेटला होता. १९७० मध्ये वॉलआयच्या अंगात पारा सापडला आणि त्याची मासेमारीच बंद करावी लागली. १९७२ मध्ये अमेरिकेत पाण्याच्या शुद्धतेचा कायदा झाला, त्याच वर्षी कॅनडाशी सरोवरांबद्दल करार झाला, आणि मासा हळूहळू परतला. वॉलआयचाच एक निळसर भाऊबंद, ब्लू पाइक, मात्र परतला नाही. १९८३ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. अजूनही सगळं ठीक आहे असं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये पश्चिमेकडच्या टोलेडो शहरात विषारी शेवाळामुळे चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. भावोजींच्या त्या आठवड्याच्या नोंदीत फक्त ‘नाव काढली नाही’ असं आहे. उलट २००३, २०१५ आणि २०१८ या वर्षी वॉलआयची पिल्लं अफाट संख्येने जगली आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्यावर मासेमारी चालली. एवढा मासा खाली असताना रिकाम्या हाताने परतणारा माणूस तळ्याला दोष देऊ शकत नाही.

मग ‘खात नाही’ तेव्हा काय करायचं?

वहीतला नियम एकच आहे आणि तो सव्वीस वह्यांत बदललेला नाही: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि पंधरा मिनिटं वाट बघायची. बदलता येण्याजोग्या गोष्टी पाच आहेत. खोली, वेग, आमिष, रंग, दिशा. क्रमही साधारण हाच. रंग सगळ्यांना आधी बदलावासा वाटतो, कारण ते सोपं असतं आणि आमिषांच्या पेटीत मजा येते. भावोजी तो जवळजवळ शेवटी ठेवतात. आमिष माशाच्या नजरेतच नसेल तर त्याच्या रंगाचा उपयोग काय?

खोलीबाबत एक गोष्ट मला पहिल्याच सकाळी शिकायला मिळाली. वॉलआय खालून वर बघून झडप घालतो. त्याच्या खालून गेलेलं आमिष त्याच्यासाठी नसल्यासारखंच. म्हणून कमानी चाळीस फुटांवर असतील तर दोऱ्या तीस-पस्तीस फुटांवर. पहाटे, उजेड कमी असताना मासा वर येतो, तेव्हा त्याहूनही वर. ऊन चढलं की तो खाली सरकतो, आणि दोऱ्याही पाच-पाच फुटांनी खाली. दोन्ही बाजूंना बोर्ड सोडलेले असतात. ही तरंगणारी फळी दोरीला नावेपासून बाजूला, वीस-पंचवीस वाव दूर नेते, म्हणजे नावेच्या आवाजाने बिचकलेल्या माशावरून आमिष जात नाही. दोरी पन्नास फूट सोडायची, तिला चिमट्याने शिसं अडकवायचं, पुन्हा पन्नास फूट सोडायची, मग फळी लावायची. वहीत याला ‘पन्नास-पन्नास’ म्हटलं आहे. भाच्याला तेवढं एक अनुवादाशिवाय कळलं, कारण तिथले लोकही तसंच म्हणतात.

वेगाचं प्रकरण जास्त नाजूक. आमिष दोन प्रकारचं असतं. एक गांडुळाचं: दोन-तीन गळांच्या माळेवर जिवंत गांडूळ आणि पुढे गिरकी घेणारी चकती. दुसरं धातूचं, चमच्याच्या आकाराचं, थरथरत जाणारं. गांडुळाची माळ ताशी एक ते दीड मैलाने ओढायची. चमचा दोन ते अडीच मैलांनी, नाहीतर तो नुसता लोंबकळतो. मला वाटलं होतं की मासा सुस्त असेल तर नावही सुस्त हवी. बऱ्याच नव्या लोकांना तसंच वाटतं, असं भावोजी म्हणाले. पण मासा सुस्त नसतो, पोट भरलेला असतो. माशाचं रक्त पाण्याच्या तपमानाचं. ऑगस्टच्या कोमट पाण्यात त्याचं शरीर जोरात चाललेलं असतं, पळायची ताकद भरपूर असते. भुकेने तो तोंड उघडणार नसेल, तर समोरून झर्रकन काहीतरी गेल्यावर सवयीने उघडेल. म्हणून भांगात ते गांडुळांना तासभर संधी देतात, आणि बारीकसारीक मासळी गांडूळ कुरतडून नेऊ लागली की सगळ्या माळा वर घेतात, छोटे चमचे लावतात, बोटभर मासळीएवढे, आणि वेग वाढवतात.

पण ‘एका वेळी एकच’ हे वेगाच्या बाबतीत म्हणावं तितकं सोपं नाही. नाव हळू झाली की शिसं खाली बसतं, वेगात गेली की वर उचललं जातं. म्हणजे वेग बदलला की खोली आपोआप बदलते. खोली तीच ठेवायची तर वेग कमी करताना दोरी थोडी गुंडाळायला हवी. हे वहीत कुठेही समजावून सांगितलेलं नाही, फक्त ‘१.५ वरून १.३. दोरी दहा आत.’ असं आहे. कवितेच्या अनुवादात एक शब्द बदलला की ओळीचा तोल जातो आणि तो सावरायला दुसरा एखादा शब्द हलवावा लागतो, ते काम मी रोज करते. त्यामुळे हे वाक्य मला समजलं. भाच्याला समजलं ते त्याने स्वतः दोरी गुंडाळली तेव्हा.

वेग किती हवा हे माशालाच विचारायची एक युक्ती आहे. नाव सरळ न नेता नागमोडी न्यायची. वळणाच्या बाहेरच्या बाजूची फळी जास्त अंतर कापते, म्हणून तिचं आमिष वेगात जातं आणि वर येतं. आतल्या बाजूचं मंदावतं आणि बुडतं. मासा बाहेरच्या दोरीला लागला तर वेग वाढवायचा, आतल्या दोरीला लागला तर कमी करायचा. एकदा लागला तर योगायोग, दोनदा लागला तर उत्तर. वहीत अशा जागी ‘आत २’ किंवा ‘बाहेर २’ असं असतं. पाण्यावर जाईपर्यंत मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

दिशेचंही तसंच. नावेवरचं यंत्र जो वेग दाखवतं, तो जमिनीच्या हिशेबाने. पण खाली पाणीही वाहत असतं. नैर्ऋत्येचा वारा दिवसभर लागला तर तो सरोवराचं पाणी पूर्वेला बफेलोकडे ढकलतो, आणि वारा पडला की ते परत येतं. त्यामुळे यंत्रावर १.४ असलं तरी पूर्वेकडे जाताना आमिषाला एक वेग मिळतो आणि पश्चिमेकडे वेगळा. तिसऱ्या दिवशी तीन मासे मिळाले, तिन्ही पूर्वेकडे जाताना. भाचा वळून परत त्याच पट्ट्यातून जाऊ लागला, तशी भावोजींनी सगळं वर घ्यायला सांगितलं. मोकळ्या दोऱ्यांनी दीड मैल मागे गेलो आणि तिथून पुन्हा पूर्वेला ओढत निघालो.

या सगळ्यात एक शब्द मात्र हट्टाने अडून बसला होता. ‘वायच’. वायच म्हणजे थोडंसं, किंचित. मालवणीत तो चहात साखर घालण्यापासून लग्नाला थांबण्यापर्यंत कुठेही चालतो. वहीत तो शेकडो ठिकाणी आहे. ‘वायच सावकाश.’ ‘वायच खाली.’ ‘वायच आत.’ भाचा म्हणाला, “मावशी, नंबर दे.” मी भावोजींना विचारलं. ते म्हणाले, “वायच म्हणजे वायच.” मग शेवटच्या दिवशी मी वही आणि पेन्सिल घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि ते जेव्हा जेव्हा “वायच” म्हणाले, तेव्हा भाच्याने काय केलं की ते गप्प बसले, ते लिहीत गेले. वेगाचा वायच म्हणजे ताशी एक-दशांश ते दोन-दशांश मैल. खोलीचा वायच पहाटे तीन फूट आणि दुपारकडे पाच. दोरीचा वायच दहा फूट. हे सगळं अनुवादाच्या शेवटी एका तक्त्यात दिलं. मूळ शब्द मात्र मजकुरात तसाच ठेवला. त्याच्या जागी आकडा घातला असता तर पहाटेचा आणि दुपारचा वायच वेगळा असतो, हे त्याला कळायला वाव राहिला नसता.

भांगाच्या पानांवर आणखी एक गोष्ट आहे, तिचा मासे पकडण्याशी उलटा संबंध. ‘बारके लागतात. उठलो.’ अशी वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. पंधरा इंचांहून लहान मासा सोडून द्यावा लागतो. पण चाळीस फुटांवरून ओढून वर आणलेला आणि कोमट पाण्यात सोडलेला मासा बऱ्याचदा जगत नाही. खोलीतून एकदम वर आल्याने त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, आणि वरचं पाणी त्याला सोसत नाही. तो पोट वर करून तरंगत जातो आणि सीगल येतात. लहानच मासे लागायला लागले की भावोजी जागा सोडतात, आणि दुसऱ्या जागीही तेच झालं तर घरी येतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन लोक पुन्हा पाण्यात उतरतात. तो थांबा कायद्याचा आहे आणि त्याआधी तो पावसाचा आणि रीतीचा होता. इथे ऑगस्टमध्ये कुणी थांबवत नाही. म्हणून तो स्वतः लिहून ठेवावा लागतो.

ऑपरेशननंतरच्या शेवटच्या दोन वह्या मी सगळ्यांत शेवटी केल्या. त्यांत फेऱ्या कमी आहेत, बरोबर नेहमी कुणीतरी आहे, आणि नोंदींत काही नव्या गोष्टी आल्या आहेत. आठ गळांऐवजी चार. काठापासून आठ मैलांऐवजी पाच. वाऱ्याचा अंदाज पंधराच्या वर असेल तर नाव काढायचीच नाही. हे तळं उथळ, त्यामुळे लाटा बघता बघता उभ्या आणि जवळजवळ होतात. एका पानावर लिहिलं आहे, ‘जाळीत मासा मी घेतला नाही. मुलाने घेतला. मी सांगितलं.’ ही पानं अनुवादासाठी निवडलेल्या पानांत नव्हती, कारण त्यात मासेमारीचं नवीन काही नाही, असं भाच्याचं म्हणणं. मी ती केली, आणि मराठी प्रत ताईला वाचायला दिली. तिने ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचली. नावेबद्दल ती काहीच बोलली नाही. फक्त विचारलं, “पाच मैल म्हणजे फोन लागतो ना?” लागतो, असं भाचा म्हणाला.

या वर्षी जुलैच्या अखेरीस भाचा एका मित्राला घेऊन बाबांशिवाय पहिल्यांदा गेला. त्या दिवशी रात्री त्याने मला त्याच्या नोंदीचा फोटो पाठवला. दीड पान, इंग्रजीत. दोनच मासे. पडद्यावर कमानी होत्या, पहाटे तीस फुटांवर, सात वाजता अडतीसवर. गांडुळं बारक्यांनी खाल्ली. चमचे लावले. बाहेरच्या वळणावर एक, पुन्हा बाहेर एक. मग एका ओळीत इंग्रजी लिपीत ‘वायच’ होता, वेगाच्या पुढे.

तोच फोटो त्याने बाबांनाही पाठवला होता. भावोजींनी तो वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला. मग फोन करून त्याला एकच विचारलं: सव्वाआठला तू वेग आणि रंग दोन्ही एकदम का बदललेस?